मावशी ठोका गाळते

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्राचं कारण एकच आहे, ते आधी सांगते. मावशी चालता चालता ठोका गाळते, आणि तुझे भाऊजी म्हणतात, गाळत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकते. हे तिच्यावर बसलेले असूनही ऐकत नाहीत. दोघांपैकी कुणाचे तरी कान गेले आहेत. माझे गेलेले नाहीत, हे तू सांगशीलच. लहानपणी तू खाऊचा डबा उघडलास की मला वरच्या खोलीत कळायचं.

ह्यांच्या मावशीने ट्रॅक्टर दिला म्हणून त्याला मावशी म्हणायला लागलो, आणि खऱ्या मावशीचे झाले नाहीत एवढे लाड ह्या लोखंडी मावशीचे झाले. तिचा आवाज मला पाठ आहे. एकसारखं टक-टक-टक चालतं, मग मध्येच घास अडकल्यासारखं होतं, धूर येतो, परत ठीक. पूर्वी आठवड्यातून एखादे वेळी व्हायचं. आता रोज होतं.

हे म्हणतात वारा आहे, तुला भास होतो. ह्यांचं हल्ली असंच चाललं आहे. चहाचे दोन कप फोडले. म्हणे कपांचे कानच गुळगुळीत. शेडकडे जाताना डाव्या पायातली चप्पल मागे राहते. म्हणे चप्पल सैल आहे. जोडीतली एकच चप्पल सैल कशी होते ते विचारलं तर चिडतात. गेल्या वर्षी इंजिन बंद करायच्या तारेची मूठ तुटली, तेव्हा नवी आणायची सोडून माझ्या मोठ्या पळीचा दांडा कापला आणि सीटच्या डाव्या बाजूला बसवला. तो अजून तिथेच आहे. माझी पळी थोटी झाली ती झालीच.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पेरणीआधी वरचा पट्टा नांगरायचा आहे. तो तू पाहिला आहेस. डावीकडे जुनी दगडाची खाण, तळाला हिरवं पाणी. कुंपण गेल्या वर्षी खाली गेलं. तिथे चढावर वळताना इंजिनाने दगा दिला तर काय होईल ते मी लिहीत नाही. दुकानातल्या फोनवर बोलायचं तर सगळं गाव ऐकतं, आणि हे तर तिथेच बसलेले असतात. म्हणून पत्र.

तू जन्मभर डिझेलचे पंप दुरुस्त करतोस. काय तपासायचं ते नीट लिही, मी करीन. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. उत्तराला उशीर झाला तर मात्र हमी देत नाही.

तुझी,
ताई


ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्याबरोबर लिहायला बसलो, कारण शेवटच्या ओळीत धमकी होती. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं की माझी बहीण साठीनंतर फिटर होते आहे. आमचा फोरमन म्हणाला, त्यांना इकडेच पाठव, इथल्या पोरांना शिस्त लागेल.

आता कामाचं. इंजिन ठोका गाळतं म्हणजे तीनपैकी एखाद्या सिलिंडरला वेळेवर किंवा पुरेसं डिझेल मिळत नाही, किंवा मिळालेलं पेटत नाही. आधी फिल्टरखालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या पेल्यात घे. तळाशी पाणी दिसलं तर तेच कारण. मग टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीवर हात फिरव. कुठे ओल लागली तर तिथून हवा आत शिरते आहे. हे दोन्ही नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नॉझल पाहायचे.

त्याची युक्ती सोपी आहे. इंजिन सावकाश चालू ठेव. नॉझलकडे जाणाऱ्या तीन बारीक नळ्या दिसतील. एकीचा नट अर्धा फेरा सैल कर. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. नट आवळून दुसऱ्याकडे जा. ज्याचा नट सोडूनही आवाजात काही फरक पडत नाही, तो कामचुकार. बोट मात्र नळीच्या तोंडाजवळ नेऊ नकोस, डिझेल सुईसारखं कातडीत शिरतं. आणि आवळताना बेताने. तू घट्ट केलेली बरणी उघडायला शेजारच्यांना बोलवावं लागायचं, आणि तुझ्या हाताखालून गेलेला नळ कुणाला सोडवत नसे, हे मी विसरलेलो नाही.

दोष सापडेपर्यंत भाऊजींना वरच्या पट्ट्यात जाऊ देऊ नकोस. ते ऐकायचे नाहीत, हे माहीत असून लिहितो आहे. भाऊजींना नमस्कार सांग, आणि माझ्यावर रागावायची मुभा तुला नेहमीप्रमाणे आहेच.

तुझा,
धाकटा


ता. १५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सगळं केलं. पेल्यात पाणी नाही, डिझेल स्वच्छ. नळी आरंभापासून शेवटपर्यंत कोरडी. मग पाना घेऊन तिन्ही नट एकेक करून सोडले. हे शेडच्या दाराशी उभे राहून म्हणत होते की कॉलेजात हेच शिकवलं का तुला. मी म्हटलं, ऐकायला शिकवलं. तिन्ही वेळा आवाज पडला. तिघेही प्रामाणिक निघाले. उभी असताना मावशीत खोट नाही.

तरी मी बाजारातल्या मिस्त्रीला बोलावलं. तो फार घाईचा माणूस. न विचारताच मधला नॉझल बदलला, स्वतः मावशीवर बसला, वरच्या पट्ट्याला चक्कर मारून आला. एकही ठोका गळला नाही. जाताना ह्यांना म्हणाला की बाईंना भास होतो. दोघं मिळून हसले. मीही गप्प बसले, कारण मला वाटलं नॉझलच असेल.

काल सकाळी हे वर गेले. मी डबा घेऊन मागून चालले होते. पहिल्या फेरीला आवाज बरा होता. दुसऱ्या फेरीत खाणीच्या वळणावर दोन ठोके गळले, तिसरा आलाच नाही, आणि इंजिन बंद पडलं. मावशी चढावर होती. ती मागे सरकायला लागली. आवाज न करता एवढी मोठी वस्तू सरकताना मी कधी पाहिली नव्हती. ह्यांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंगचं चाक धरलं. मागच्या चाकाखालचे धोंडे मात्र थांबले नाहीत, ते काठावरून गेले. पाण्यात पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, येणारच नाही.

हे खाली उतरले, मावशीभोवती फिरले, परत चालू केली आणि घरी आणली. जेवायला बसले. डाव्या पायात चप्पल नव्हती. मी वर जाऊन शोधली. ती वळणाच्या बऱ्याच अलीकडे नांगरटीत पडली होती. सगळी फेरी ह्यांनी अनवाणी पायाने क्लच दाबला होता. आल्यावर विचारलं, तर म्हणाले, आत्ताच निसटली असेल.

मला ह्यातलं काही आवडत नाही. तुझ्या पेल्याने आणि पान्याने जे सापडलं नाही ते कुठे बसलं आहे ते सांग. इथे हसायला मी धरून कुणी तयार नाही. तू तरी खुशाल राहा.

तुझी,
ताई


ता. १६ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवा,
नमस्कार वि. वि.

माझं पत्र पाहून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. तुझ्या ताईने पाना हातात घेतल्यापासून घरात माझं काही चालत नाही. जेवायला बसलो तरी ती मावशीचंच विचारते. परवा मला म्हणाली, श्वास घेताना आवाज का येतो. उद्या माझाही नट सोडून पाहील.

तुझ्याकडे एक काम आहे. तिला लिहून टाक की पंप झिजला आहे, हे वयाचं दुखणं आहे, एखाद-दुसरा ठोका गळायचाच. तुझं ती ऐकते. पेरणी होऊन जाऊ दे, मग पंप उतरवून तुझ्याकडे पाठवतो. वरचा पट्टा मी दर वर्षी नांगरतो आणि ह्याही वर्षी मीच नांगरणार. मिस्त्रीच्या हातात मावशी दिली तर ती मला ओळख देणार नाही.

आणखी एक विचारतो, सहज म्हणून. तुमच्या कारखान्यात हादरणाऱ्या यंत्रांवर माणसं काम करतात. त्यांच्या हातांना मुंग्या येत असतील, त्या जायला किती दिवस लागतात? माझ्या डाव्या हाताला मागे आल्या होत्या. आता मुंग्या नाहीत. आता नुसताच हात आहे.

हे पत्र ताईला दाखवायचं नाही. ती घरातला प्रत्येक नळ आवळते तसं मलाही आवळून बसवेल. तुझी वहिनीसाहेबांकडून होणारी छळणूक व्यवस्थित चालू असेल अशी आशा करतो, आणि आपल्या दोघांची युती टिकावी एवढंच मागतो.

तुझे,
भाऊजी


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. भाऊजींचं पत्र आलं. दाखवू नकोस असं त्यांनी लिहिलं, म्हणून दाखवत नाही. पण ते वाचून तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढली आणि शेजारी ठेवून वाचली.

मावशी उभी असताना ठोका गळत नाही. मिस्त्री बसला तेव्हा गळला नाही, आणि तो त्याच पट्ट्याला चक्कर मारून आला होता. आपण तिघंही इंजिनाकडे पाहत बसलो. मी इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, तरी पहिला प्रश्न विचारायचा राहिला: ठोका गळतो तेव्हा सीटवर कोण असतं?

तुझ्या पळीचा दांडा आठव. तो ओढला की पंपाचं डिझेल बंद होतं आणि इंजिन थांबतं. पूर्ण न ओढता थोडाच ओढला, तर डिझेल अर्धवट मिळतं. मग इंजिन अडखळतं, धूर टाकतं, ठोके गाळतं. हुबेहूब तू लिहिलंस तसं. नॉझल, पाणी, हवा, कशाचीच गरज नाही.

भाऊजी वर जातील तेव्हा तू बाजूने चाल, उजवीकडून. खाणीच्या बाजूने नको. इंजिनाकडे पाहू नकोस. त्यांच्या डाव्या हाताकडे पाहा. माझं चुकलेलं असावं अशी फार इच्छा आहे. तसं झालं तर पुढची दहा वर्षं मला त्यावरून बोल, मी ऐकून घेईन.

तुझा,
धाकटा


ता. २८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं चुकलेलं नाही.

मी वर नेलंच नाही त्यांना. खालच्या शेतात सपाटीवर एक फेरी मारून दाखवा, मला आवाज ऐकायचा आहे, असं सांगितलं. कुरकुरत बसले. मी शेजारून चालत होते. थोडा वेळ डावा हात चाकावर होता. मग तो चाकावरून घसरला, जसा झोपलेल्या माणसाचा हात खाटेवरून घसरतो, आणि खाली येऊन पळीच्या दांड्यावर पडला. बोटं त्याभोवती मिटली. सगळ्या हाताचा भार त्या दांड्यावर, आणि मावशी अडखळायला लागली. हे सरळ समोर पाहत होते.

मी ओरडून विचारलं की डावा हात कुठे आहे. त्यांनी खाली पाहिलं नाही. म्हणाले, "कुठे म्हणजे? मांडीवर."

धाकट्या, मी ह्या माणसाला चिडताना, खोटं बोलताना, माझी समजूत घालताना पाहिलं आहे. ह्यातलं काही नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की हात मांडीवर आहे.

मी दांड्यावरून बोटं सोडवली आणि हात उचलून दाखवला. मावशी लगेच सुरळीत चालायला लागली. हे कितीतरी वेळ हाताकडे बघत राहिले, कुणा पाहुण्याकडे बघावं तसे. मग म्हणाले की अवघडला आहे, तेल चोळलं की सुटेल. डॉक्टर दर बुधवारी येतो. त्याला दाखवू म्हटलं, तर पेरणीनंतर बघू. चपलेचा विषय काढून मी पायाचंही बोलले. नको तिथे हात घालू नकोस, म्हणाले.

दांडा काढून टाकावा असं मनात आलं. चावी लपवावी असंही आलं. पण चावीशिवाय चालू करणं ह्यांना ठाऊक आहे, आणि लपवली तर मला शोधायला लावतील, मग भांडण होईल आणि त्या भांडणाच्या तिरमिरीत वर जातील. पुढच्या सोमवारनंतर केव्हाही वरचा पट्टा घेणार असं म्हणतात. रोज सकाळी आभाळाकडे बघतात. मी त्यांच्या हाताकडे बघते.

काय करू ते लिही, आणि लवकर लिही. बाकी काही विचारायचं मला सुचत नाही.

तुझी,
ताई


ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजा मिळाली. रविवारी निघतो. ह्या पत्राच्या मागोमागच पोचेन, तोवरचे दिवस तू काढायचेस.

दांडा काढू नकोस. काढलास तर ठोका गळणं थांबेल, आणि तेच सगळ्यात वाईट होईल. मावशी निदान सांगते तरी आहे. ती गप्प झाली तर हात चाकावरून कधी सुटला हे कुणालाच कळणार नाही, आणि चढावर क्लचवर पाय आहे की नाही हे त्यांना स्वतःलाही कळणार नाही.

जन्मभर लोकांच्या इंजिनातले बिघाड काढले. आज पहिल्यांदा घालायला शिकवतो. भाऊजी घरी नसतील तेव्हा मावशी चालू कर आणि टाकीखालची तोटी बंद कर. नळीतलं डिझेल संपेल, इंजिन आपोआप बंद पडेल. मग तोटी परत उघड. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसणार नाही, पण नळीत हवा भरलेली राहील, आणि ती काढल्याशिवाय मावशी काही केल्या चालू होणार नाही. मोडतोड नाही, नुकसान नाही.

ही हवा काढणं भाऊजींच्या हातचा मळ आहे, हे मला माहीत आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, त्याच्याजवळचा छोटा हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे संपले की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. डोळे मिटून करतील. फक्त त्याला दोन हात लागतात.

हे वाक्य खोडावंसं वाटलं. पण खोडत नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर येईन तेव्हा दे. तोवर दोघंही माझ्यासाठी जमिनीवर राहा.

तुझा,
धाकटा


ता. ११ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू वाटेत असशील, हे पत्र तुला बहुधा इथेच मिळेल. तरी लिहिते. तोंडाने सांगायला लागले तर नीट सांगता येणार नाही.

शनिवारी हे दाढी करायला गेले तेव्हा तू सांगितलंस ते केलं. मावशी खोकत खोकत बंद पडली. मी तोटी उघडली आणि घरात येऊन भांडी घासत बसले.

आज सकाळी आभाळ भरून आलं. हे लवकर उठले, डबा मागितला, शेडमध्ये गेले. मावशी घरघरली आणि चालू झाली नाही. पुन्हा घरघरली. मग पान्यांचा आवाज. मी खिडकीत उभी राहिले, दार उघडं होतं, सगळं दिसत होतं.

उजव्या हाताने स्क्रू सोडला. तोच हात पंपावर नेला आणि दाबायला लागले. बुडबुडे आले, संपले. मग स्क्रू आवळायला उजवा हात उचलला, पंप सुटला, आणि परत बुडबुडे. डावा हात पंपावर ठेवून पाहिला. तो तिथे राहायचा आणि घसरायचा. डिझेल त्याच्यावरून वाहत होतं, मनगटापर्यंत. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. एकदा कोपराने दाबून पाहिलं. एकदा गुडघ्याने. मला वाटलं, आपटतील, फेकतील काहीतरी. तसं काही केलं नाही. फडक्याने डावा हात पुसला, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि मावशीच्या पुढच्या चाकावर टेकून बसले.

मग मला हाक मारली. लग्न झाल्यापासून त्या शेडमध्ये कामाला मला कधी बोलावलं नव्हतं. जेवायला बोलवायलाही मी दारातूनच बोलवायची. म्हणाले, जरा इकडे ये, पाना धर.

मी गेले. पाना धरला. ह्यांनी पंप दाबला, मी स्क्रू आवळला. हवा निघाली. मी म्हटलं, मला काही सांगायचं आहे. म्हणाले, "नको सांगू. तोटी मी पाहिली." त्यांची सवय तोटी पूर्ण उघडून थोडी मागे घ्यायची. मी ती शेवटपर्यंत उघडून घट्ट बसवली होती, घरातल्या सगळ्या नळांसारखी. सकाळी आल्या आल्याच त्यांना कळलं होतं की हा बिघाड माझा आहे. तरी सगळी सकाळ ते तो एकट्याने काढायचा प्रयत्न करत राहिले.

मावशी चालू केली नाही. चालू होईल, एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरला मी दुकानातून फोन करून बुधवारची वाट न पाहता बोलावलं. कोण ऐकतं ते पाहिलं नाही. तो दुपारी आला. पायाच्या तळव्याला टाचणी टोचली, हे बोलतच राहिले. डॉक्टर म्हणतो, डोक्यातल्या नसांत बारीक गुठळ्या अडकल्या आहेत, एक-दोन नाहीत, आणि मागून आणखी येतील. उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे. मी विचारलं, कधी येतील. तो म्हणाला, हे सांगता येत नाही, कदाचित वाटेतही. ह्यांनी त्याला विचारलं की पेरणी आधी की गुठळी आधी. तो हसला नाही.

वरचा पट्टा ह्या वर्षी तसाच राहील. आता हे झोपले आहेत, डाव्या कुशीवर, हात अंगाखाली. मी मघाशी तो सोडवून बाहेर ठेवला. परत तसाच गेला आहे.

तू आलास की आधी ह्यांच्या उजव्या बाजूला बस आणि मावशीचं नाव काढू नकोस. ते आपणहून काढतील. बाकी माया तुला लिहून कळवायची वेळ अजून आली नाही असं समजते.

तुझी,
ताई

ता. क. मागून कुणी काय कुणाला दिलं ह्यात घोळ नको म्हणून इथेच नोंदवून ठेवते. आज ता. ११ मे रोजी शेडमध्ये ह्यांनी माझ्या ताब्यात दिलं ते असं: पान्यांची गुंडाळी, पुसून. सीटवरची उशी. पळीचा दांडा, तारेपासून सोडवून. तो त्यांनी उजव्या हाताने सोडवला आणि म्हणाले, तुझी पळी जोडून घे. मावशीची चावी. ती डाव्या मुठीत होती. हात पुढे करून म्हणाले, घे, उघडली मूठ. मूठ मिटलेली होती. एकेक बोट मी उघडलं आणि चावी घेतली.